बंद पडलेली आरएक्स-७ : जालन्यातल्या रोटरी इंजिनाच्या कामाची नोंदवही

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

मोठ्या मामांची गाडी आज नीट पाहिली. माझदा आरएक्स-७, १९८३ चं मॉडेल, १२ए रोटरी इंजिन, कार्बोरेटर, स्टिअरिंग उजवीकडे. इंग्लंडहून परतलेल्या एका डॉक्टरांनी ती बोटीनं मुंबईला आणली होती. मामांनी नव्वदच्या दशकात त्यांच्याकडून घेतली आणि तेव्हापासून ती जालन्याचीच झाली. राजूरच्या गणपतीला गेली, भावंडांच्या लग्नात फुलं लावून फिरली, मोसंबीच्या व्यवहारासाठी संभाजीनगरच्या खेपाही तिनंच केल्या. आता बदनापूरच्या वाटेवर, शेतातल्या शेडमध्ये उभी आहे.

तक्रार अशी: उन्हाळ्यापासून सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन फिरतं, पण पकडत नाही. दोन मिस्त्री येऊन गेले. दुसऱ्यानं गेज लावून सांगितलं, कॉम्प्रेशन (इंजिनात भरणारा दाब) गेलंय, या इंजिनाचं आता काही होत नसतं. वर जीपचं डिझेल इंजिन बसवायचा हिशेबही कागदावर लिहून दिला. मामा जवळपास तयार झाले होते. मी महिनाभर थांबा म्हणालो.

"कामून थांबायचं रे? गाडी चालल्याशी मतलब."

"मामा, हे इंजिन काढलं तर उरतो तो नुसता पत्रा. आधी मोजू द्या. मोजून गेलेलं निघालं तर मी स्वतः जीपचं इंजिन बघायला येतो."

हे मी मनापासून बोललो. १२ए मध्ये ५७३ सीसीचे दोन रोटर, मिळून ११४६ सीसी. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. मुख्य फिरणारे भाग तीनच: दोन तिकोनी रोटर आणि त्यांच्यातून जाणारा एक्सेंट्रिक शाफ्ट. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे तीन होतात. जगभरच्या कंपन्यांनी वांकेल इंजिनाचे, म्हणजे याच रोटरीचे, परवाने घेतले आणि एकेक करून सोडून दिले. माझदानं १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून ते धरून ठेवलं. १९७८ ते २००२ मध्ये आरएक्स-७ च आठ लाखांहून जास्त बनवल्या. मराठवाड्यात मला दुसरी दिसलेली नाही. असली गाडी न मोजता कापायची, हे मला पटत नाही.

आजचं काम थोडंच. शेडमध्ये एका बाजूला वेचणीचा कापूस छातीभर उंच रचलेला आहे. तिथे पेट्रोलची गाडी उघडायचीच नाही. सालगड्याला आणि भाच्याला घेऊन गाडी ढकलत बाहेर बाभळीखाली आणली, अग्निशामक सिलिंडर आणि वाळूची बादली जवळ ठेवली, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली.

पुढच्या पुलीच्या बोल्टला १९ चा पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच फिरवायचं. उलटं फिरवताना हा बोल्ट सुटला तर आतल्या थ्रस्ट बेअरिंगची जागा हलू शकते आणि नसलेला आजार मागे लागतो. इंजिन मोकळं फिरलं. कुठे अडकलं नाही, खरखर नाही. प्रत्येक टप्प्याला दाब भरताना हाताला लागतो आणि मग सुटतो. मरण पावलेलं इंजिन असं लागत नाही.

डिपस्टिक काढली तर ऑइलला पेट्रोलचा उग्र वास. म्हणजे बरंच पेट्रोल खाली उतरलंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी, वाळूजहून परत आल्यावर. मामांची बॅटरी घरी आणून चार्जिंगला लावली होती. भरते, पण लोड टाकला की लगेच बसते. नवी घ्यायची. रोटरीला स्टार्टरचा वेग फार महत्त्वाचा. बॅटरी ढिली असेल तर कॉम्प्रेशनचा आकडा खोटा येतो, ठिणगीही मंद पडते.

कॉम्प्रेशन गेजच्या नळीतली छोटी व्हॉल्व्ह सुटी करून खिशात ठेवली. तिचं काम रविवारी.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस पेट्रोल आणि कॉम्प्रेशनचा.

आधी टाकी रिकामी केली. निघालं ते पिवळसर, वार्निशसारखा वास मारणारं, आणि तळाशी पाण्याचा थर. सप्टेंबरच्या शेवटच्या अतिवृष्टीत शेडमध्ये पाणी शिरलं नव्हतं, पण हवेतली ओल महिनाभर हटली नाही. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. शिवाय १९८३ साली बनलेलं रबर इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं. पंपाजवळची नळी बोटानं दाबली तर चिकट लागली आणि आतून सालपटं निघाली. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात त्या दर्जाच्या घेतल्या. महाग आहेत. इथे पैसे वाचवायचे नाहीत, कारण गळकी नळी नेमकी तापलेल्या एक्झॉस्टच्या आसपास गळते.

निक्की कंपनीच्या या कार्बोरेटरला फ्लोट चेंबरची पातळी दाखवणाऱ्या छोट्या काचा आहेत. फार सोयीची गोष्ट. ताजं पेट्रोल भरून पंप चालवला, पातळी काचेच्या मध्यावर येऊन थांबली. दोन्ही बाजूंना. म्हणजे पेट्रोल अडवणारे नीडल व्हॉल्व्ह धरतायत, कार्बोरेटर उगाच वाहत नाही. मग इंजिनात एवढं पेट्रोल आलं कुठून? मामांना विचारलं, सुरू करताना काय करता.

"काय करणार, ॲक्सिलरेटर पंप करतो. मिस्त्री बी तसंच करायलता. धा-धा वेळा."

दर दाबाला ॲक्सिलरेटर पंप कच्च्या पेट्रोलची धार आत सोडतो. पिस्टनच्या गाडीत ते बहुतेक खपून जातं. रोटरीत पेट्रोल हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. रोटरच्या तिन्ही टोकांना ३ मिमी जाडीची अपेक्स सील असते, ती भिंतीला घासत फिरते, आणि तिच्या बारीक फटी बंद करायचं अर्धं काम ऑइलच्या पापुद्र्याचं. पापुद्रा धुतला गेला की दाब पडतो, दाब पडला की इंजिन पकडत नाही, आणि पकडत नाही म्हणून माणूस आणखी पंप करतो.

चारही प्लग काढले. खालचे दोन्ही ओले, काळे, टोकाला थेंब लटकलेला. वरचे दोन्ही कोरडे होते आणि टोकाला राखाडी रंग. ही गोष्ट मी वहीत अधोरेखित केली आहे.

पेट्रोल पंपाचं कनेक्शन सोडलं, ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलची तारही सोडली. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ निघत असताना ठिणगी नको, म्हणून करंटची तपासणी आज करायचीच नाही असं ठरवलं होतं. नवी बॅटरी लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, थोडं थोडं थांबत इंजिन फिरवलं. भोकांतून आधी फवारे निघाले, मग धुकं, मग नुसती हवा. दुपारपर्यंत तसंच उघडं ठेवलं. सुकलं.

तोवर भाच्यानं फोनला जोडायचा बोरोस्कोप, म्हणजे भोकातून आत जाणारा बारीक कॅमेरा, आणला. प्लगच्या भोकातून हाउसिंगची भिंत पाहिली. क्रोमचा मुलामा चकचकीत, एकसारखा. कड्यांना थोडी झीज आहे, वयाच्या मानानं काहीच नाही. आडव्या लाटा कुठेच नाहीत. मी मुख्यतः त्याच शोधत होतो.

त्या लाटांची गोष्ट भाच्याला सांगितली, इथेही लिहून ठेवतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हिरोशिमाच्या माझदाच्या इंजिनांत सील भिंतीवर थरथरायची आणि आडवे ओरखडे पडायचे. तिथले लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा विभाग झाला. सील कोणत्या धातूची, कोणत्या आकाराची, किती कंपन पावते, यावर त्यांनी अक्षरशः वर्षं घातली, आणि शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनिअम मुरवलेली सील निघाली. १९९१ साली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी नं जिंकली, चार रोटरचं इंजिन घेऊन. या शेडमागच्या बाभळीखाली उभ्या गाडीची भिंत चाळीस वर्षांनी चकचकीत दिसते, ती त्या माणसांच्या कामामुळे. हे पाहून मला खरंच भरून आलं.

आता कॉम्प्रेशन. आधी मिस्त्रीनं मोजलं तसंच, व्हॉल्व्ह गेजमध्ये ठेवून, कोरड्या भिंतींवर. पुढचा रोटर ६० पीएसआय, मागचा ५५. माझदाची किमान मर्यादा २५० आरपीएमला साधारण ८५. म्हणजे मिस्त्री खोटं बोलला नव्हता. आकडा खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा होता.

मग खालच्या प्लगच्या भोकातून प्रत्येक रोटरला चमचा-चमचा इंजिन ऑइल सोडलं, पान्यानं हळूहळू फिरवून तिन्ही बाजूंना ते पोचवलं. गेजची व्हॉल्व्ह काढून टाकली. व्हॉल्व्ह असताना गेज फक्त सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. रोटरला तीन बाजू असतात. दोन मेलेल्या आणि एक चांगली असेल तरी गेज चांगलाच आकडा दाखवणार. व्हॉल्व्ह काढली की काटा प्रत्येक बाजूला वेगळा उडी मारतो, आणि तिन्ही उड्या सारख्या आहेत का ते दिसतं. भाच्यानं फोनवर काट्याचा व्हिडिओ घेतला.

पुढचा रोटर: टप, टप, टप, तिन्ही सारख्या. मागचा: तसाच, एक बाजू किंचित कमी, पण डोळे ताणून पाहिलं तरच कळतं. अपेक्स सील तुटलेली असती तर ती ज्या दोन बाजूंच्या मधे आहे त्या दोन्ही उड्या बसल्या असत्या.

वेगही त्याच व्हिडिओतून मोजला. प्रत्येक रोटरमागे शाफ्टच्या एका फेऱ्याला एक उडी. पाच सेकंदांत वीस उड्या, म्हणजे २४० आरपीएम. नवी बॅटरी पुरेशी आहे.

व्हॉल्व्ह परत बसवून आकडे: १०५ आणि १०२. भिंत ऑइलनं ओली आहे, त्यामुळे हे फुगलेले आकडे आहेत, खरे म्हणून धरायचे नाहीत. खरे आकडे इंजिन चालून गरम झाल्यावर. पण इंजिन मेलेलं नाही, एवढं मी आज मामांना छातीठोकपणे सांगितलं.

"मंग सुरू कामून होईना?"

"वरचे प्लग कोरडे आणि खालचे ओले का, हे कळलं की सांगतो."

१६ नोव्हेंबर, रविवार

सापडलं. आणि गाडी सुरू झाली.

सकाळी जुना ऑटो-इलेक्ट्रिशियन चाचांना गाडीवर घेऊन आलो. मामा त्यांना फार वर्षांपासून ओळखतात. नजर कमी झाली आहे, पण डायनॅमो नि मॅग्नेटो त्यांच्या हाताखालून गेले त्याला हिशेब नाही. मला दुसऱ्या माणसाचे डोळे आणि कान हवे होते.

या इंजिनात प्रत्येक रोटरला दोन प्लग. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. कंबशन चेंबर लांबट, चपटं आणि रोटरबरोबर सरकणारं. एका प्लगची ज्योत सगळीकडे वेळेत पोचत नाही. म्हणून खालचा आधी पेटवतो आणि वरचा थोडा मागून येऊन उरलेलं जाळतो. मुख्य काम खालच्याचं. फक्त खालच्यावर गाडी चालते, जरा ताकद कमी. फक्त वरच्यावर ती सुरू व्हायला फार त्रास देते, आणि पेट्रोलनं भिजलेली असेल तर सुरू होतच नाही.

मामा म्हणाले, मिस्त्रीनं त्यांना ठिणगी दाखवली होती. कोणता प्लग काढून, विचारलं. "हा वरचा." साहजिक आहे. वरचा हाताला लगेच येतो, खालच्यासाठी मनगट वाकवून खोल हात घालावा लागतो. शिवाय स्टार्टर मारताना टॅकोमीटरचा काटा हलत होता, त्यामुळे करंट आहे असंच कुणालाही वाटेल. पण या मॉडेलमध्ये टॅकोमीटरची तार ट्रेलिंग कॉइलवरून जाते. काटा हलतो म्हणजे ट्रेलिंग जिवंत आहे, एवढंच. लीडिंगबद्दल तो काहीच सांगत नाही.

स्पार्क टेस्टर लावला. वरचे दोन: निळी, जाड ठिणगी, टचटच आवाज. खालचे दोन: काही नाही. चाचा कान लावून बसले होते, लगेच म्हणाले, "ऊपर करंट है बेटा, नीचे नै."

खालचे दोन्ही एकदम गेलेत म्हणजे दोष त्या दोघांच्या सामाईक रस्त्यावर. उलटं मागे गेलो. लीडिंग कॉइलच्या मुख्य तारेला टेस्टर: ठिणगी नाही. म्हणजे प्लगांना करंट वाटून देणारे डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर आर्म संशयातून सुटले, दोष त्यांच्या आधी. कॉइलच्या पॉझिटिव्हला बॅटरीइतका व्होल्ट येतोय. निगेटिव्हला टेस्ट लॅम्प लावून स्टार्टर मारला: ट्रेलिंग कॉइलवर दिवा फडफडतो, लीडिंगवर स्थिर. लीडिंग कॉइलचा करंट तोडला-जोडला जात नाहीये. दोन्ही कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, सारखा. डिस्ट्रिब्युटरमधल्या, ठिणगीच्या वेळेचा इशारा देणाऱ्या दोन्ही पिकअप कॉइल मोजल्या, त्याही सारख्या. उरला एकच भाग: कॉइलचा करंट तोडणारा-जोडणारा लीडिंगचा इग्नायटर.

या सालच्या गाड्यांत दोन इग्नायटर डिस्ट्रिब्युटरच्या अंगालाच स्क्रूनं बसवलेले असतात, आणि दोन्ही अगदी एक. ही या गाडीची मोठी मेहेरबानी, कारण सिद्ध करायला नवा भाग लागत नाही. दोन्ही काढले. मागे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेली असते. लीडिंगच्या मागची सुकून रांगोळीसारखी भुरभुर हातावर पडली. चाळीस उन्हाळे, त्यात जालन्याचे, आणि तेही इंजिनाला चिकटून. ती पेस्ट सुकली की इग्नायटरची उष्णता बाहेर जात नाही आणि तो आतून शिजतो. तळ स्वच्छ घासला, नवी पेस्ट बोटानं पातळ पसरली, आणि अदलाबदल करून बसवले: चांगला लीडिंगच्या जागी, संशयित ट्रेलिंगच्या जागी.

टेस्टर. खालच्या प्लगांना निळी ठिणगी. वरच्यांना काही नाही. टॅकोमीटरचा काटा शून्यावर निपचित.

चाचांनी मान हलवली. मी नवे प्लग लावले, रोटरीचेच. या इंजिनात लांब टोकाचा साधा प्लग कधीच लावू नये, टोक आत आलं तर रोटरला लागतं. पेट्रोल पंपाचं कनेक्शन जोडलं, कापसाच्या शेडचं दार लावून घेतलं, सगळ्यांना गाडीच्या मागून बाजूला केलं. मामांना सीटवर बसवलं.

"मामा, चोक ओढा. ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. बिलकूल."

स्टार्टर फिरला, एकदा अडखळला, पुन्हा फिरला, आणि मग एकदम पकडलं. पहिला मिनिटभर पांढऱ्या धुराचा लोट: चमच्यानं टाकलेलं ऑइल आणि सायलेन्सरमध्ये साचलेलं पेट्रोल. समोरची बाभूळ दिसेना. मग धूर विरत गेला आणि आवाज स्थिरावला. खटखट नाही, हादरा नाही, नुसती सलग गुरगुर. बॉनेटवर ठेवलेला चहाचा कप हलला नाही, आणि टॅकोमीटर अजूनही शून्यावर. चालू इंजिनात शून्य आरपीएम दाखवणारा तो काटा म्हणजे आपल्या निदानाची सही.

मामा खाली उतरायलाच तयार होईनात. स्टिअरिंगला दोन्ही हात धरून बसले होते. "बापू, ही तर जशीच्या तशी हाय की रे," म्हणाले, आणि मग चाचांना शेजारच्या सीटवर बोलावून घेतलं.

कूलंटची पातळी, तापमानाचा काटा, गळती, सगळं पाहत पूर्ण गरम होईपर्यंत चालवली. पेट्रोल मिसळलेलं ऑइल गरम गरमच काढलं आणि नवं भरलं. ते तसंच ठेवून चालवणं म्हणजे बेअरिंगवर अन्याय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

इग्नायटरचं काय करायचं ते ठरवलं. मूळ भाग जुना, मिळाला तरी चाळीस वर्षांचाच मिळणार आणि परत त्याच गरम जागी बसणार. त्याऐवजी जीएमचं (जनरल मोटर्सचं) चार टोकांचं एचईआय मॉड्यूल, इग्नायटरचंच काम करणारं. या गाड्यांवर ते जगभर वापरलं जातं, किंमत कमी, चीज दणकट. दोन मागवले. उरलेला चांगला इग्नायटर काढून, कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा.

वर्कशॉपमधून साहेबांना विचारून ॲल्युमिनिअमचा तुकडा घेतला, मिलिंगवर सपाट केला. मॉड्यूल त्यावर पेस्ट लावून बसतील आणि प्लेट इंजिनापासून लांब, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर.

२३ नोव्हेंबर, रविवार

मॉड्यूल बसवली. दोन टोकं पिकअप कॉइलला, एक बारा व्होल्टला, एक कॉइलच्या निगेटिव्हला. अर्थिंग स्क्रूमधून, म्हणून पत्र्यावरचा रंग खरवडून स्वच्छ धातू उघडा केला आणि वेगळी अर्थची तारही ओढली. पिकअपच्या दोन तारा उलट लागल्या तरी गाडी सुरू होते, पण टायमिंग सरकतं. त्यामुळे टायमिंग लाइट लावल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. पुलीवर पिवळी खूण लीडिंगची, लाल ट्रेलिंगची. दोन्ही आपापल्या वेळी काट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

टॅकोमीटर जिवंत झाला. ७५० वर आयडल लावलं.

ऑइल मीटरिंग पंपाची दांडी पाहिली, मोकळी हलते. हा पंप इंजिनातलंच ऑइल थेंब थेंब कार्बोरेटरमध्ये सोडतो, सील भिजत राहावी म्हणून. या गाडीनं थोडं ऑइल खाणं हा तिचा स्वभाव आहे. खायचं बंद झालं तर काळजी करायची. जोडीला पेट्रोलमध्ये लिटरला पाच मिली टू-स्ट्रोक ऑइल घालायला सांगितलं.

३० नोव्हेंबर, रविवार

गरम इंजिनाची परीक्षा. थकलेली रोटरी थंड असताना सुरू होते आणि गरम झाल्यावर दगा देते, त्यामुळे खरा निकाल इथे लागतो. बदनापूरपर्यंत जाऊन आलो, मामा चालवत, मी शेजारी. बदनापूरला चहासाठी मुद्दाम बंद केली. चहा पिऊन चावी फिरवली, लगेच पकडलं. ४००० च्या पुढे इंजिन असं मोकळं होतं की पाय काढावासा वाटत नाही. मामांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्यासाठी आणखी महिनाभर मनगट वाकवून काम केलं असतं.

परत येताच, गरम इंजिनावर कॉम्प्रेशन: पुढचा ९३, मागचा ९०. तिन्ही बाजूंच्या उड्या सारख्या. हे आकडे खरे म्हणून धरायचे. नव्या इंजिनाचे नाहीत, पण मर्यादेच्या वर आणि एकमेकांना धरून. जीपच्या इंजिनाचा हिशेब लिहिलेला कागद मामांनी आपण होऊन फाडला.

मामांना आणि सालगड्याला समजावलेल्या गोष्टी: शेडमध्ये जागा करायला गाडी दोन हात पुढे-मागे करायची असेल तर ढकला. थंड गाडी सुरू करून लगेच बंद केली की चोकचं जाड पेट्रोल आतच राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच कथा. सुरू केली तर पूर्ण गरम होऊ द्या. सुरू करताना पंप करू नका. आणि कधी भिजलीच, तर पेट्रोल पंपाचं कनेक्शन सोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा, सुकू द्या, मग मला फोन करा. दुसऱ्या कुणाला इंजिन उघडू देऊ नका.

७ डिसेंबर, रविवार

किरकोळ कामं. थर्मोस्टॅट आणि वरचा होज बदलला. या इंजिनात ॲल्युमिनिअमची हाउसिंग कास्ट आयर्नच्या प्लेटांमध्ये दाबून बसवलेली असतात आणि मधे रबरी सील. एकदा उकळलं की ते सील जातं, मग इंजिन खोलावंच लागतं. म्हणून कूलंटच्या कामात हात आखडता घ्यायचा नाही. रेडिएटर जालन्यातच उघडून साफ करून घेतोय, जानेवारीत बसेल. उन्हाळ्याच्या आत पंख्याचा क्लच तपासायचा. आरसीच्या नूतनीकरणाचे कागद मामांनी काढून ठेवलेत, ब्रेकचे होज बदलले की गाडी पासिंगला न्यायची.